सार्जंट पेलेग्रिनो कॉफी आणायला जात नाही

एखाद्या बाईला नऊ वर्षं उंच टेबलामागे बसवून ठेवायचं, तिला पाय आहेत की नाहीत याचाही प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही, आणि शेवटी एके दिवशी तिला त्या टेबलामागून उठवायचं ते कशासाठी, तर सहा पुरुषांसाठी कॉफी आणायला. येताना तिच्या पाठीत गोळी घालायची. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं त्या वर्षी कौतुक झालं. अशा डोक्यांचं कौतुकच होतं.

त्या बाईचं नाव एवान्थिया स्टाथाकू. ॲस्टोरियात, ग्रीकांच्या मोहल्ल्यात, डिटमार्सच्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर ती राहायची. खालच्या मजल्यावर धाकटी बहीण फोतिनी, वर ही. नवरा लेफ्तेरिस फरचे कोट कापायचा. तो गेला, आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून ती चर्चच्या तळघरातल्या नाटकमंडळीत जायला लागली. तिथून चाळिशी उलटल्यावर टीव्हीत आली. पडद्यावर तिचं नाव ईव्ह स्टॅटन. खरं नाव वाचून होईपर्यंत लोक उठून जातात, असं तिच्या पहिल्या एजंटने सांगितलं होतं. तिने नाव कापून दिलं. मग तिला पोलीस केलं ते इटालियन, सार्जंट पेलेग्रिनो. ग्रीक बाईने नाव कापून द्यायचं, इटालियन पोलीस व्हायचं, आणि वर आभारही मानायचे.

मालिकेचं नाव ‘एकोणिसावं ठाणं’. आठवड्याला एक खून, शेवटच्या जाहिरातीच्या आत खुनी हजर. सार्जंट पेलेग्रिनो ठाण्याच्या दाराशी बसायची. कुणी रडत आलं तर ‘उजवीकडे, दुसरं दार’ म्हणायची. वकील माजला तर त्याला चष्म्यावरून बघायची. संवाद म्हणावेत असे कधी मिळालेच नाहीत, पण ते चष्म्यावरून बघणं गाजलं. मोहल्ल्यात तिला एवान्थिया कुणी म्हणेनासं झालं. खाटीक म्हणायचा, “सार्जंट, आज कोकरू चांगलंय.” पाद्री म्हणायचा, “सार्जंट, रविवारी दिसला नाहीत.” एकदा फोतिनीच्या गाडीला पोलीस दंड लावत होता, तर ही गाऊनवरच खाली उतरली आणि त्याच्यावर अशी डाफरली की तो बिचारा “हो सार्जंट” म्हणून निघून गेला. खरा पोलीस होता तो.

तिच्याइतकंच त्या खुर्चीत आणखी एकजण बसायचं, ते मात्र कुणाला माहीत नव्हतं. दिवे लावायला, कॅमेरा जुळवायला तासन्तास लागतात. तेवढा वेळ नटांना ताटकळत ठेवत नाहीत, त्यांच्याच उंचीच्या, त्यांच्याच केसांच्या माणसाला जागेवर बसवतात. सार्जंटच्या जागी बसायची डॉरीन ट्वोमी, जवळच्याच वुडसाइडची आयरिश विधवा. आधी अर्धं आयुष्य खानावळीत वेट्रेस म्हणून उभं राहून काढलेलं, त्यामुळे बसून राहण्याचं काम तिला स्वर्गासारखं वाटायचं. दिवे लागले की कुणीतरी ओरडायचं, “डॉरीन, ऊठ,” आणि ती उठायची. नऊ वर्षांत तिचं नखही पडद्यावर आलं नव्हतं. दोघी जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसायच्या, एवान्थिया मसुराचं सूप दोघींपुरतं आणायची, आणि दोघी मिळून सगळ्यांना नावं ठेवायच्या.

मालिका चालली की तिच्या पोटातून दुसरी काढायची, हा त्या धंद्यातला रिवाज. ‘एकोणिसाव्या ठाण्या’तला देखणा डिटेक्टिव्ह मॅडॉक्स प्रेक्षकांना आवडला, म्हणून त्याची बदली बंदरावर झाली आणि ‘गोदी पथक’ सुरू झालं. मॅडॉक्सचं काम करणारा पोरगा डेरेक हॅलोरन एवान्थियाला मम्मा म्हणायचा. जाताना तिला मिठी मारून म्हणाला, “मम्मा, मी तिकडे बस्तान बसवतो, मग लगेच तुला नेतो.” अशा वेळी जुन्या मालिकेतले सगळे फलाटावर बॅगा घेऊन उभे असल्यासारखे असतात. डेरेकने एकेकाला नेलं. प्रेतं तपासणारा डॉक्टर गेला. चिडका सरकारी वकील गेला. ठाण्यातला म्हातारा कुत्रासुद्धा गेला, आणि बंदरावर त्याला स्वतंत्र भाग मिळाला. सार्जंट राहिली दारापाशी.

“कुत्र्यापेक्षा मी कुठे कमी पडले गं?” ती डॉरीनला म्हणाली.

“कुत्रा तोंड उघडत नाही,” डॉरीन म्हणाली.

तर ‘गोदी पथक’ वर चढलं आणि ‘एकोणिसावं ठाणं’ घसरलं. लेकीने आईला हात द्यावा म्हणून वरच्या लोकांनी ठरवलं, दोन्ही मालिकांचा महासंगम करायचा. एकच गोष्ट, पहिला तास ठाण्यात, लागलीच दुसरा तास बंदरावर. पहिल्या तासाच्या शेवटी असं काहीतरी घडवायचं की प्रेक्षक जागचा हलता कामा नये. आणि असं घडवायचं म्हणजे नेहमीचं कुणीतरी मारायचं. हिरोला मारता येत नाही. कुत्र्याला मारलं तर पत्रांचा पाऊस पडतो. मग जी सगळ्यांना आवडते, पण जिच्यावाचून कुणाचंच अडत नाही, अशी ही बाई.

मेकअपच्या खुर्चीत एवान्थियाने तो भाग वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला मारताहेत याचा राग नव्हता. या धंद्यात मरण ठरलेलंच. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा सार्जंट टेबल सोडून उठते, पोरांसाठी कोपऱ्यावरून कॉफी आणते, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये सहा कप, आणि मागून कुणीतरी येऊन गोळी घालतो. ती त्याला बघतही नाही. एक शब्द नाही. कप रस्त्यावर गडगडतात. तोंडाला अर्धं क्रीम लागलेल्या अवस्थेतच ती तडक पॉल लिंडक्विस्टच्या खोलीत शिरली. दोन्ही मालिका त्याच्याच हातात होत्या.

“पॉल, हे काय आहे?”

“तुझा भाग आहे, ईव्ह! अख्खा देश रडणार तुझ्यासाठी.”

“रडतील नंतर. कॉफी मी का आणतेय?”

“म्हणजे?”

“ठाण्यात सहा धडधाकट बाप्ये बसलेत. त्यांना पाय आहेत, हे नऊ वर्षं दाखवतोयस तू. आणि टेबल सोडून मी जाणार? दारावरचा सार्जंट टेबल सोडत नाही रे. ठाणं पेटलं तरी सोडत नाही. कुठल्याही पोलिसाला विचार.”

“प्रेक्षकांना हे कुठे कळतंय? त्यांना दिसणार एक प्रेमळ बाई, हातात गरम कॉफी, आणि ठो!”

“तिच्या कमरेला पिस्तूल आहे.”

“ते लाकडाचं आहे गं.”

“तिला ते माहीत नाही.”

लिंडक्विस्ट हसला. त्या हसण्याने तिचं डोकं आणखी फिरलं.

“हे बघ, मरायला मी नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण तिला वळू दे. मागे पाऊल वाजलं की ती वळेल, हातातलं टाकेल, पिस्तुलाला हात घालेल. मग खुशाल घाल गोळी. समोरून घाल. पोलीस आहे ती. कुणाची मोलकरीण नाही.”

“ती वळली की झटापट झाली. झटापट झाली की ती तिची गोष्ट झाली. ही डेरेकची गोष्ट आहे, ईव्ह. बिचाऱ्या निरुपद्रवी बाईला पाठीत गोळी घातली, म्हणून तर पुढचा अख्खा तास तो पिसाळतो.” मग त्याने आवाज मऊ केला. माणसं असा आवाज मऊ करतात तेव्हा खिसा सांभाळावा. “तुला नको असेल तर राहू दे. तुझा फोटो आहे आमच्याकडे. काळी फीत लावली की भागलं.”

निरुपद्रवी! हा शब्द तिने घरी जाईपर्यंत तोंडात घोळवला. फोतिनीने जेवायला वाढलं तर तिच्यावरच खेकसली.

दुसऱ्या दिवशी डॉरीनने बातमी आणली. डेरेकला सिनेमाच्या कामासाठी कॅनडाला जायचं होतं, म्हणून दुसरा तास आधी उरकणार होते. म्हणजे सार्जंटचं प्रेत आधी, आणि मरण मागाहून.

एवान्थियाचा चमचा हातातच राहिला. “म्हणजे मी आधी मेलेली, आणि मग मला मारणार?”

“तसंच.”

“माझं तोंड दाखवणार प्रेताच्या टेबलावर?”

“जवळून. डेरेक तुझ्या कपाळावर ओठ टेकवतो म्हणे.”

“एकदा का माझं तोंड त्यांच्या रिळात पडलं ना डॉरीन, मग कसला फोटो आणि कसली फीत. मग मला मारल्याशिवाय त्यांची सुटका नाही. आणि मरणार कोण? मीच. मग बघते कोण कुणाच्या हातात ट्रे देतो ते.”

“पॉल काही कच्च्या गुरूचा चेला नाही हं,” डॉरीन म्हणाली. पण एवान्थिया ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

‘गोदी पथका’च्या सेटवर ती पहिल्यांदाच गेली, आणि गेली ती पांढऱ्या चादरीखाली. टेबल गारठलेलं. प्रेताला संवाद नसतात, म्हणून ‘गोदी पथका’च्या शेवटी पडद्यावर येणाऱ्या नावांत तिचं नावही येणार नव्हतं. डेरेक आला, “मम्मा, कशी आहेस?” म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता बाटलीतले थेंब डोळ्यांत घालून घ्यायला गेला. मग त्याने तिच्यावर वाकून गळा काढला. “तूच मला पोलीस केलंस. तू नेहमी माझ्या पाठीशी होतीस.” त्याची लाळ तिच्या गालावर पडली. तिच्या मनात आलं, उठून बसावं आणि याच्या थोबाडात द्यावी. कुत्र्याला नेलंस रे, कुत्र्याला! पण ती श्वास कोंडून पडून राहिली. पापणी हलली नाही. दिग्दर्शक म्हणाला, इतकं छान प्रेत आपण आजवर पाहिलं नाही.

डेरेकचं विमान उडालं आणि एवान्थिया पुन्हा लिंडक्विस्टच्या दारात उभी राहिली.

“पॉल, मी ट्रे उचलणार नाही.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याचे कान लाल झाले, ते तिने डोळे भरून पाहिले.

“हे ब्लॅकमेल आहे, ईव्ह.”

“असेल. नऊ वर्षं तुझ्या पोलिसांत काढलीत, कुठूनतरी शिकणारच.”

“बघतो काय करायचं ते.” एवढंच तो म्हणाला.

पुढे काही दिवस बोलावणं आलं नाही. नवीन पानं लिहीत असतील, असं ती म्हणायची. आरशासमोर कमरेला हात घालून गर्रकन वळून बघायची. फोतिनी खालून काठीने छत ठोकायची. मग एका दुपारी फोनच्या यंत्रावर लिंडक्विस्टच्या हाताखालच्या मुलीचा निरोप आला. “तुमच्या मृत्यूचा सीन आता होणार नाही. पॉलने सांगायला सांगितलंय, तुमचं म्हणणं पोचलं.”

एवान्थियाने तो निरोप फोतिनीला दोनदा ऐकवला. “मारायचं दाखवणारच नाहीत! नुसती बातमी येईल. मेली तर मेली, ट्रे घेऊन तर नाही मेली.” तिला वळायला मिळालं नव्हतं, तरी तिने ते जिंकल्यातच धरलं. त्या आठवड्यात ती खाटकाशी गोड बोलली. आणि महासंगमाच्या बुधवारी सगळ्यांना फोतिनीकडे बोलावून टाकलं.

फोतिनीची बैठकीची खोली भरून गेली. खाटीक बायकोसकट आला. शेजारचे थनासिसकाका सगळ्यांत चांगल्या खुर्चीत बसले आणि आपल्याला काही ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवायला लावला. फोतिनीने लग्नात आलेले कप बाहेर काढले होते. डॉरीन उशिरा आली, कोट मांडीवर घेऊन दाराजवळ बसली आणि एवान्थियाकडे न बघता म्हणाली, “गर्दी आहे की.”

तास संपत आला. ठाण्यातले पोलीस हसतखिदळत होते. मग कॅमेरा दारापाशी गेला, आणि टेबलामागची खुर्ची रिकामी.

मग रस्ता दिसला. रस्त्यावर पाठमोरी बाई. सार्जंटचा गणवेश, सार्जंटचा पिकलेला अंबाडा, हातात ट्रे. मागून बूट आले. बाई चालत राहिली. गोळी सुटली. निळे-पांढरे कप फुटपाथवर गडगडत गेले आणि पडदा काळा झाला.

खोलीत एकच हलकल्लोळ. खाटकाची बायको हुंदके द्यायला लागली. फोतिनीने छातीवर क्रूस काढला आणि बहिणीला घट्ट धरलं. “एवान्थिया!”

“सोड. जिवंत आहे मी,” एवान्थिया म्हणाली. “ती मी नाही.”

“काय म्हणाली?” थनासिसकाकांनी विचारलं.

“ती बाई मी नाही!”

“तूच गं. अंबाडा नाही का तुझा?”

पाठ कुणाचीही चालते. इतकी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती. तोंडाच्या जोरावर ती भांडायला गेली, आणि त्यांनी तोंडाशिवायच काम भागवलं. पण पाठ कुणाची, तेही तिला कळलं होतं. ट्रे दोन हातांत धरलेला नव्हता. खांद्याशी, पाच बोटांवर तोललेला होता, जन्मभर खानावळीत ताटं वाढलेल्या बाईसारखा.

“डॉरीन,” ती म्हणाली.

डॉरीनने कोट आणखी घट्ट धरला. “सांगणारच होते.”

“कधी? मी मेल्यावर?”

“ते म्हणाले, तू नाही केलंस तर रस्त्यावरून कुणालाही आणू. मला वाटलं, परक्या बाईने तुझा वेश घालण्यापेक्षा...”

“गप्प बस! माझ्या खुर्चीत बसत होतीस तेव्हा कधी काही बोलले मी? आता माझ्या मरणातही बसलीस?”

“बसले!” डॉरीन उभीच राहिली. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. “बसतेच आहे मी नऊ वर्षं. दिवे लागले, डॉरीन ऊठ. कॅमेरा चालू झाला, डॉरीन बाहेर. तुला निदान कुत्र्याच्या मागे तरी ठेवलं गं, मला कुठे ठेवलं? एकदा, आयुष्यात एकदा कुणीतरी म्हणालं, डॉरीन, तू थांब, कॅमेरा चालू होतोय. पाठ तर पाठ!”

टीव्हीवर बंदर आलं. दुसरा तास सुरू झाला होता.

“आणि मी वळले,” डॉरीन म्हणाली.

“काय?”

“वळले मी. तू पॉलला म्हणाली होतीस ना, पाऊल वाजलं की ती वळेल. पाऊल वाजलं, मी वळले. पॉल ओरडला. पुन्हा घेतलं, मी पुन्हा वळले. मग तो जवळ आला आणि म्हणाला, आता वळलीस तर उद्यापासून तुझं तोंड दाखवू नकोस. जसं काही कधी दाखवलंच होतं.” तिने नाक पुसलं. “मग नाही वळले. तेच दाखवलं त्यांनी.”

एवान्थियाचा राग गेला नव्हता, तिळमात्र गेला नव्हता. उलट आता तो दोघींना पुरेल एवढा झाला होता.

टीव्हीवर डेरेकने चादर दूर केली आणि गळा काढला. “अरे, ही तर तू!” थनासिसकाका म्हणाले. एवान्थियाने जाऊन टीव्हीचा आवाज बंद केला आणि पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

“दाखव,” ती डॉरीनला म्हणाली.

“काय दाखवू?”

“कशी वळलीस ते. घे तो ट्रे. काका, पाय आत घ्या.”

डॉरीनने फोतिनीचा कपांनी भरलेला ट्रे उचलला, अगदी पाच बोटांवर, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे चालायला लागली. खाटकाची बायको सरकून बसली. एवान्थियाने तिच्या मागून जाऊन जमिनीवर जोरात पाय आपटला. डॉरीन वळली. चांगली वळली, फक्त एकही कप हलू न देता वळली, गिऱ्हाइकाने हाक मारल्यासारखी.

“असं नाही,” एवान्थिया म्हणाली. “पोलीस आहेस तू. आधी तो ट्रे टाक.”

“फोतिनीचे कप आहेत गं.”

“टाक म्हणते ना!”

“माझ्या लग्नातले आहेत!” फोतिनी किंचाळली.

एवान्थियाने पुन्हा पाय आपटला. डॉरीनने ट्रे टाकला, आणि तिचा हात कमरेला गेला.